साक्ष आणि निषेध : 'प्रोटेस्ट' या क्रियापदाची कुळकथा

युरोपातील धर्मसुधारणेच्या इतिहासावरील एका इंग्रजी ग्रंथाचे भाषांतर मी काही वर्षांपूर्वी हाती घेतले होते. जर्मनीतील स्पायर या नगरात १५२९ साली भरलेल्या साम्राज्यसभेचे प्रकरण आले आणि एका अगदी साध्या वाक्यापाशी काम थांबले. सहा संस्थानिक व चौदा नगरे यांनी सभेच्या ठरावाविरुद्ध 'प्रोटेस्ट' केले, एवढेच त्या वाक्यात म्हटले होते. 'निषेध केला' असे लिहून मी पुढे गेलो. मराठी वर्तमानपत्र वाचणारा कोणीही हेच लिहील. पण पुढचे पान उतरवताना काही केल्या मेळ बसेना. निषेध करणारी ही मंडळी त्याच दमात सम्राटाविषयीची आपली निष्ठा सांगत होती. ईश्वराला आणि सर्व मनुष्यांना उद्देशून बोलत होती. आणि मुख्य म्हणजे, सभेने काय करू नये हे सांगण्यापेक्षा आपण स्वतः काय मान्य करणार नाही हे सांगण्यावर त्यांचा भर होता. माझ्या 'निषेधा'त यांपैकी काहीच मावत नव्हते. केवळ शब्दाची निवड चुकली होती, की ती कल्पनाच आपल्याकडे निराळ्या वाटेने आली होती? प्रस्तुत लेख या प्रश्नाच्या पाठपुराव्यातून झाला आहे.

आजच्या इंग्रजीत 'प्रोटेस्ट' म्हणजे विरोध दर्शविणे. परंतु शब्दाच्या घडणीत विरोधाचा अंशही नाही. लॅटिन 'प्रो' म्हणजे पुढे, समोर, उघड; 'टेस्टारी' म्हणजे साक्ष देणे. चारचौघांसमोर उभे राहून प्रतिज्ञापूर्वक सांगणे, हा 'प्रोटेस्टारी'चा अर्थ. साक्षीदाराला लॅटिनमध्ये 'टेस्टिस' म्हणतात, आणि व्युत्पत्तिकार त्या शब्दात 'तीन' व 'उभे असणे' असे दोन अंश पाहतात. वादी आणि प्रतिवादी यांच्याजवळ उभा असलेला तिसरा, तो साक्षीदार. संस्कृतातील 'साक्षी' मात्र डोळ्यांच्या वाटेने आला. ज्याने स्वतः प्रत्यक्ष पाहिले त्याच्यासाठी पाणिनीने तो शब्द सिद्ध केला आहे. एका भाषेने पाहण्याला महत्त्व दिले, दुसरीने तेथे उभे असण्याला. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

'टेस्टिस'चे कुटुंब मोठे आहे. मृत्युपत्राला इंग्रजीत 'टेस्टामेंट' म्हणतात ते साक्षीदारांपुढे केलेले म्हणून. 'कॉन्टेस्ट' हा आज स्पर्धेचा किंवा निवडणुकीचा शब्द झाला आहे. मुळात रोमन न्यायालयात खटला उभा राहताना दोन्ही पक्ष साक्षीदारांना हाक देत, त्या विधीचा तो शब्द. 'डिटेस्ट' म्हणजे तिरस्कार करणे; मुळात देवाला साक्षी ठेवून शाप देणे. विरोध, विवाद, तिटकारा अशा कडवट भावनांची ही तीन इंग्रजी क्रियापदे एकाच साक्षीदाराच्या घरची आहेत, ही गोष्ट मला कोश चाळताना उशिरा लक्षात आली, आणि आपण इतकी वर्षे हे शब्द वापरीत आलो याचा थोडा संकोचही वाटला.

आता स्पायरकडे वळू. १५२६ साली त्याच नगरात भरलेल्या सभेने धर्माच्या बाबतीत प्रत्येक संस्थानाला काहीशी मोकळीक दिली होती. ईश्वर आणि सम्राट यांच्यापुढे जबाब देता येईल अशा रीतीने प्रत्येकाने वागावे, असा त्या ठरावाचा आशय होता. तीन वर्षांनी सम्राट पाचव्या चार्ल्सच्या वतीने त्याचा भाऊ फर्डिनांड सभेचे काम पाहत होता, आणि बहुमत जुन्या पंथाचे होते. बहुमताने मागचा ठराव रद्द केला. ल्यूथरच्या बाजूचे अल्पसंख्य संस्थानिक पेचात सापडले. सभेचा ठराव मानावा तर धर्म जातो. मोडावा तर साम्राज्याशी द्रोह होतो. आणि गप्प बसावे तर तत्कालीन कायद्याच्या दृष्टीने ती संमती ठरते. या पेचातून सुटण्यासाठी त्यांनी जे साधन वापरले ते बंडखोराचे नव्हते, वकिलाचे होते. ज्याला सभेचा निर्णय मान्य नाही त्याने तसे उघडपणे, ठरलेल्या रीतीने सांगावे, म्हणजे त्याच्या मौनाचा अर्थ संमती असा लावला जाणार नाही व त्याचा हक्क शाबूत राहील, अशी त्या विधीची कल्पना होती. 'प्रोटेस्टाशियो' हे त्या विधीचे नाव. १९ एप्रिल १५२९ रोजी त्यांनी तो केला. फर्डिनांड ऐकून घ्यायला तयार नव्हता. मग त्यांनी लेखी निवेदन केले आणि पुढे काही दिवसांतच नोटरीसमोर रीतसर दस्तऐवज करून सम्राटाकडे दाद मागितली. आत्म्याच्या उद्धाराच्या प्रश्नात प्रत्येक माणूस ईश्वरासमोर एकटा उभा राहतो, तेथे बहुमताचा आधार चालत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता.

या घटनेवरून पुढे 'प्रोटेस्टंट' हे नाव पडले, आणि विरोध करणारा तो प्रोटेस्टंट अशी समजूत रूढ झाली. नाव देणाऱ्यांच्या मनात असलेला साक्षीचा अर्थ नाव ऐकणाऱ्यांपर्यंत पोचला नाही. शब्दांच्या इतिहासात असे वारंवार घडते. तेथे ऐकणाऱ्याचेच बहुमत असते.

इंग्रजी क्रियापदाचा पुढचा प्रवास शेक्सपिअरच्या एका प्रसिद्ध स्थळावरून चांगला कळतो. 'हॅम्लेट'मध्ये नाटकातील नाटक चालू असताना रंगमंचावरील राणी, पती निवर्तला तरी आपण पुन्हा विवाह करणार नाही, अशा आणाभाका घेते. प्रेक्षकांत बसलेली गर्ट्रूड त्यावर शेरा मारते की ही बाई जरा जास्तच 'प्रोटेस्ट' करते. तेथे अर्थ सरळ आहे : जास्तच शपथा घेते. आज तेच वाक्य इंग्रजी जाणणारे लोक एखाद्याने आरोप जास्तच नाकारला म्हणजे टोमणा म्हणून वापरतात. १६०० च्या सुमारास होकाराचे असलेले वाक्य आज नकाराचे झाले आहे, आणि वाक्यातील एक अक्षरही बदललेले नाही. शेक्सपिअरच्या भाषांतरकाराने या ठिकाणी सावध राहिले पाहिजे. 'नाकारते' असा शब्द घातला तर गर्ट्रूडच्या बोलण्यातली बोच नाहीशी होते. जिने स्वतः पतीच्या मृत्यूनंतर लगबगीने दुसरे लग्न केले, तिला परक्या बाईच्या शपथा खुपतात, ही ती बोच आहे.

हा पालट झाला कसा? माझ्या मते दोष एका शब्दयोगी अव्ययाचा आहे. 'प्रोटेस्ट' म्हणजे जाहीर सांगणे, आणि 'अगेन्स्ट' म्हणजे विरुद्ध. 'अमक्याविरुद्ध जाहीर सांगणे' या रचनेत सतराव्या शतकापासून हे दोन शब्द इतके एकत्र राहिले, की अव्ययाचा गुण क्रियापदाला लागला. पुढे अव्यय गळून पडले तरी गुण राहिला. अमेरिकन इंग्रजीत तर युद्धाला 'प्रोटेस्ट' करणे अशी सकर्मक रचना सर्रास चालते. म्हणजे युद्धाला विरोध करणे. गंमत अशी की त्याच इंग्रजीत आपले निर्दोषत्व 'प्रोटेस्ट' करणे हा जुना प्रयोगही जिवंत आहे, आणि तेथे अर्थ ठासून सांगणे असा आहे. दोन्ही वाक्यांत क्रियापद एक, रचना एक, आणि कर्माशी असलेले नाते अगदी उलट. परक्या भाषेच्या विद्यार्थ्याने येथे हात टेकले तर नवल नाही.

साहित्यात व राजकारणात हरवलेला मूळ अर्थ कायद्याने मात्र जपून ठेवला. हुंडी नाकारली गेली म्हणजे नोटरी त्या गोष्टीचा दाखला देतो, त्याला १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टमध्ये 'प्रोटेस्ट' म्हटले आहे. तेथे नोटरीला राग आलेला नसतो. अमुक दिवशी अमुक हुंडी दाखवली आणि ती नाकारली गेली, एवढेच तो नोंदवितो. या कायद्याच्या हिंदी पाठात त्याला 'प्रसाक्ष्य' असा शब्द योजला आहे. संस्कृतप्रचुर परिभाषेची थट्टा करणे सोपे असते, पण हा शब्द ज्याने घडविला त्याला 'प्रो' आणि 'टेस्टिस' दोन्ही ठाऊक होते. वादळात सापडलेल्या गलबताचा कप्तान बंदराला लागताच जो जबाब नोंदवितो त्यालाही इंग्रजीत हेच नाव. जुन्या मसुद्यांत तो वारा आणि लाटा यांच्याविरुद्ध 'प्रोटेस्ट' करीत असे. वाऱ्याचा निषेध करून काय होणार? पण नुकसान कशाने झाले याची साक्ष ठेवणे जरूर असते.

या अर्थाची धग मला पुस्तकात नव्हे, आजोळी कळली. नव्वदीच्या दशकात धरणासाठी तेथल्या जमिनी गेल्या. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात अशी तरतूद होती की, मोबदला अपुरा वाटला तरी रक्कम 'अंडर प्रोटेस्ट' घेता येईल. परंतु तसे न नोंदविता ज्याने ती घेतली त्याला कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी प्रकरण न्यायालयाकडे पाठवा असा अर्ज करता येणार नाही. २०१३ च्या नव्या कायद्यातही हे बंधन जवळजवळ त्याच शब्दांत आले आहे. रक्कम वाटण्याच्या दिवशी माझे मामा पावतीवर सही करायला निघाले, तेव्हा नुकताच महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या भाच्याने ऐटीत सांगितले, ''मामा, वर 'निषेधपूर्वक' असे लिहा.'' मामा म्हणाले, ''अरे, पैसे तर हात पुढे करून घेतोय, मग निषेध कसला?'' शेजारी उभ्या असलेल्या तालुक्याच्या एका वकिलांनी त्यांच्या हातात पेन दिले व सांगितले, ''लिहा, दर मान्य नाही, हक्क राखून रक्कम घेतली.'' मामांनी तसे लिहिले. त्यांच्या मागे रांगेत असलेल्या दोघांनी काहीच लिहिले नाही. कोणी त्यांना सांगितलेही नाही. पुढे मामांचा अर्ज चालला, आणि त्या दोघांचा चालला नाही. माझा शब्द कोशाप्रमाणे बरोबर होता. वकिलांच्या वाक्यात मात्र स्पायरचा अख्खा विधी आला होता, आणि त्यांना स्पायरचे नावही ठाऊक नसावे.

मग 'निषेध' या शब्दात अडचण काय आहे? अडचण त्याच्या कुळात आहे. मीमांसकांनी वेदवाक्यांचे जे पाच भाग पाडले आहेत, विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद, त्यांत निषेध म्हणजे माणसाला एखाद्या कृतीपासून परतविणारे वाक्य. कलंज खाऊ नये, हे त्याचे पाठशाळेतले ठरलेले उदाहरण. म्हणजे निषेध करणारा अधिकारी असतो. तो सांगतो आणि ऐकणारा थांबतो. मोल्सवर्थच्या कोशातही निषेध म्हणजे मनाई. विधिनिषेध या जोडशब्दात हा अर्थ आजही टिकला आहे, आणि 'त्याला कसलाच विधिनिषेध नाही' असे आपण म्हणतो तेव्हा सभा-मोर्चे कोणाच्या मनात येत नाहीत. इंग्रजी शिक्षण, वृत्तपत्रे आणि जाहीर सभा यांच्याबरोबर 'प्रोटेस्ट' आपल्याकडे आला तेव्हा तो विरोधाचे वस्त्र नेसूनच आला होता, आणि आपण त्याच्यापुढे शास्त्राचा हा शब्द ठेवला. ज्याच्या हाती सत्ता नाही त्याच्या तोंडी सत्ताधाऱ्याचे क्रियापद आले. एका अर्थी यात मोठा मानीपणा आहे. गुलाम असलेला माणूस राज्यकर्त्याला 'मी तुला मनाई करतो' असे म्हणू लागला. पण त्यातून एक कायमची कुचंबणाही निर्माण झाली : मनाई केली आणि कोणी थांबले नाही, तर मनाई करणारा हास्यास्पद ठरतो.

इतर भारतीय भाषांनी काय केले ते पाहणे या दृष्टीने उद्बोधक आहे. मल्याळममध्ये 'प्रतिषेधम्' आहे, म्हणजे तेथेही आपल्याच धातूचा आश्रय घेतला गेला. बंगालीने 'प्रतिवाद' घेतला; तेथे बोलण्याला उलट बोलणे आहे. कन्नडने 'प्रतिभटने' घेतले, त्यात समोरासमोर ठाकलेला योद्धा आहे. तेलुगू 'निरसन' म्हणते. सर्वांत जवळ गेली ती उर्दू. तिने अरबीतून 'एहतिजाज' हा शब्द घेतला, आणि त्याच्या मुळाशी 'हुज्जत', म्हणजे पुरावा, प्रमाण, हा शब्द आहे. पुरावा पुढे ठेवणे हा त्याचा मूळ भाव. तीच 'हुज्जत' मराठीतही आली, पण आपल्याकडे भाजीवालीशी घालण्यापलीकडे तिची मजल गेली नाही. एकाच शब्दाने एका भाषेत सभेचे व्यासपीठ गाठले आणि दुसरीत बाजाराची वाट धरली.

देशी शब्दांत याहून जवळचा शब्द होता. हिंदीत संकटात सापडलेला माणूस 'दुहाई' देतो. राजाचे किंवा देवाचे नाव मोठ्याने उच्चारून त्याला साक्षीला बोलावतो, की हे पाहा, माझ्यावर अन्याय होत आहे. मराठीत त्याच कुळातली 'द्वाही' आहे, पण आपण ती 'फिरवतो'. जिंकलेल्या मुलखात राजाच्या नावाची द्वाही फिरते. खालून वर जाणारी हाक हिंदीकडे राहिली, वरून खाली येणारी ललकारी मराठीकडे आली. यामागे आमच्या इतिहासाचा काही हात असेल काय, असा मोह होतो. पण एका शब्दावर एवढा डोलारा उभारणे बरे नव्हे.

शब्द नव्हता तेथे कृती होती. सावकाराच्या किंवा ऋणकोच्या दारात अन्नपाण्यावाचून बसून राहणे, म्हणजे धरणे, ही आपल्याकडची जुनी रीत. १८६० च्या भारतीय दंडविधानात कलम ५०८ खाली जे उदाहरण दिले होते ते धरण्याचेच होते : आपण दारात बसल्याने घरधन्यावर देवाचा कोप होईल, अशी समजूत करून देण्यासाठी बसणारा माणूस. इंग्रज कायदेकारांना त्यात धाकदपटशा दिसला, आणि तो त्यात काही प्रमाणात होताही. पण दारात बसलेला माणूस देवाला साक्षी ठेवून बसला आहे, आणि सारे गाव पाहत आहे, ही त्या कृतीतली ताकद त्यांनी अचूक हेरली होती.

साक्ष आणि निषेध यांतला हा भेद केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा असता तर मी वाचकांचा वेळ घेतला नसता. लेखकांच्या वर्तनाचे मोजमाप आपण या दोन शब्दांपैकी कोणत्या शब्दाने करतो, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत गोळीबार झाला. पंजाबात लष्करी कायदा होता, बातम्यांवर बंधने होती, आणि तेथे काय घडले हे बाहेरच्या प्रांतांना तुकड्यातुकड्यांनी कळत होते. मेअखेरीस रवींद्रनाथांनी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना पत्र लिहून १९१५ मध्ये मिळालेली 'सर' ही पदवी परत केली. भयाने ज्यांची वाचा बसली आहे अशा कोट्यवधी देशबांधवांच्या 'प्रोटेस्ट'ला आपण शब्द देत आहोत, असा त्यातील एका वाक्याचा भाव आहे. या वाक्याचे मराठी करताना 'निषेध' घालून पाहावा. ज्याची वाचा बसली आहे तो निषेध कसा करणार? पण त्याच्याजवळ साक्ष असू शकते. पाहिलेले, सोसलेले, न बोललेले. कवी ती साक्ष चारचौघांसमोर आणतो आणि तिची किंमत स्वतः मोजतो. येथे 'प्रोटेस्ट' आपल्या मूळ अर्थासह उभा आहे. त्या पत्राने लष्करी कायदा थांबला नाही, हे खरे आहे; पण थांबविण्यासाठी ते लिहिले होते असे समजणे म्हणजे पत्राला आपल्या मराठी शब्दाच्या मापाने मोजणे होय.

२०१५ साली अनेक भाषांतील लेखकांनी साहित्य अकादेमीचे पुरस्कार परत केले. त्या वेळी दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. 'यातून साधले काय?' हा प्रश्न त्यात वारंवार विचारला गेला, आणि समर्थकांनीही काय साधले याची यादी देण्याचा प्रयत्न केला. प्रश्न आणि उत्तर दोन्ही निषेधाच्या परिभाषेतली होती. साक्षीदाराला कोणी असे विचारीत नाही. त्याला विचारतात ते निराळे : तू पाहिलेस काय, आणि जे सांगतोस ते खरे काय? हे प्रश्न कमी अडचणीचे आहेत असे कोणी समजू नये. किंबहुना ते अधिक अवघड आहेत, कारण त्यांचे उत्तर प्रत्येकाला एकट्याने द्यावे लागते, आणि सामुदायिक पत्रकावर सही करून ते देता येत नाही. साक्षीचा अर्थ आपण पुन्हा जवळ केला तर काही सह्या गळतील, अशी मला शंका आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नोंद झाली, म्हणजे कर्तव्य संपले, असे मानण्याची सोय साक्षीच्या अर्थात आहे. इंग्लंडच्या लॉर्डांच्या सभेत अल्पमतातल्या सभासदाला आपला 'प्रोटेस्ट' कारणांसह कामकाजाच्या वहीत लिहून ठेवण्याचा हक्क पूर्वापार होता. कित्येक लॉर्डांनी तो मोठ्या डौलदार गद्यात लिहिला आणि ते जेवायला गेले. मराठी 'निषेधा'त समोरच्याला अडविण्याचा जो आग्रह आहे तो या सुखवस्तूपणाला मानवणारा नाही, आणि तेवढ्यापुरता मी त्या शब्दाच्या बाजूने आहे. तो टाकून द्यावा असे माझे म्हणणे नाही. रूढ शब्द टाकून देता येत नाहीत. भाषांतर करताना मात्र प्रत्येक वेळी थांबून पाहावे, की समोरचा माणूस मनाई करतो आहे की साक्ष देतो आहे.

डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले. देशात आणीबाणी होती. दुर्गाबाई भागवत अध्यक्षस्थानी होत्या आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण केंद्रीय मंत्री होते. दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याविषयी जे बोलायचे ते निर्भयपणे बोलल्याच. पण त्या संमेलनातले लोकांच्या आठवणीत घट्ट राहिले ते दुसरेच. तुरुंगवासात प्रकृती खालावलेल्या जयप्रकाश नारायणांसाठी सर्वांनी उभे राहून प्रार्थना करावी, असे त्यांनी सांगितले. कोणाला काही मनाई केली नाही, काही मागितले नाही. एका आजारी माणसाचे नाव घेतले, आणि मंडप उभा राहिला. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली.

माझ्या भाषांतरात स्पायरचे ते वाक्य शेवटी असे राहिले : 'सहा संस्थानिक व चौदा नगरे यांनी, हा ठराव आपल्याला मान्य नाही, असे ईश्वराला व मनुष्यांना साक्षी ठेवून जाहीर केले.' संपादकांनी समासात लिहिले, 'लांब झाले. निषेध चालणार नाही काय?' मी त्याखाली 'हक्क राखून' एवढेच लिहून पाने परत पाठविली.